प्रत्येक विद्यार्थिनीला एक रमेश

"मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरनं एका बाईले तिच्या सख्ख्या भावाची बायको करून टाकलं."

पुष्पाबाईंनी फोनवर नमस्कारसुद्धा केला नाही. पुष्पाबाई सोनाळ्याच्या मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन. एरवी घरच्यांची चौकशी केल्याशिवाय त्या कामाचं बोलत नाहीत.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"ते तुमीच सांगा मले. अर्जाची प्रिंट माह्या हातात आहे. मुलीचे वडील, गजानन. आईचे पती, गजानन. आन गजानन त्या बाईचा भाऊ आहे. बाई हापिसात बसून आहे. उठूनच नाही राह्यली."

गुरुवारची सकाळ होती. प्रवेशाचे अर्ज शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते.

मी संघमित्रा. गाव दुसरबीड. पुण्याच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं काम केलं आणि आता त्याच कंपनीचं काम खामगावात राहून करते. एका संस्थेची आमच्या जिल्ह्यात मुलींची वसतिगृहं आहेत. त्यांच्या प्रवेशाची वेबसाइट आम्ही बनवली, प्रवेश तिच्यावर पहिल्यांदाच होत होते. ती नीट चालते की नाही हे तपासणारा कोड लिहिणं हे माझं काम. त्यामुळे पुष्पाबाईंचा फोन बरोबर जागी आला होता.

त्यांनी सगळं सांगितलं. रेखाताई ही बाई. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात शाळेची खिचडी शिजवते. मुलगी आरती, आठवीत जाणार. गावात शाळा सातवीपर्यंतच. नवरा कधीचाच निघून गेला, अकोल्याकडे दुसरं घर केलं म्हणतात. मंगळवारी पुष्पाबाईंनी वडिलांचा रकाना रिकामा ठेवून अर्ज भरला. पान पांढरं झालं आणि मधोमध एक ओळ आली, 'काहीतरी चुकले आहे'. तीनदा केलं, तीनदा तेच. मग त्यांनी आमच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"तिथल्या माणसानं सांगितलं, घरातल्या कोन्याबी पुरुषाचं नाव टाका, पुढं जाते. मोबाइल नंबर लागतो, ओटीपी येते, मनून भावाचं नाव टाकलं. मीच टाकलं हो मॅडम. मले काय मालूम, ते असं छापीन?"

"बाईंना कधी कळलं?"

"काल. भावाच्या मोबाइलवर मेसेज गेला, 'आरती हिचे वडील म्हणून आपली नोंद यशस्वी झाली आहे, अभिनंदन.' मोबाइल भावजयीच्या हातात होता."

तो मेसेज आमच्याच टीमने लिहिला होता. 'अभिनंदन' हा शब्द घालायचा की नाही यावर आम्ही मीटिंगमध्ये दहा मिनिटं घालवली होती.

फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. पहिल्यांदा सगळ्या टेस्ट चालवल्या. टेस्ट म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड. एक खोटी विद्यार्थिनी बनवायची, तिचा खोटा अर्ज भरायचा, अर्ज नीट जमा होतो का ते बघायचं. बरोबर निघालं तर हिरवं, चुकलं तर लाल. आमच्याकडे अशा दोनशेच्या वर टेस्ट होत्या. सगळ्या हिरव्या. एकही लाल नाही. पुष्पाबाईंच्या समोर पांढरं पान येत होतं आणि माझ्यासमोर हिरव्या खुणांची रांग.

आता थोडं समजावून सांगते. डेटाबेसमध्ये माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत असते. विद्यार्थिनींचा तक्ता वेगळा, पालकांचा वेगळा, गावांचा वेगळा, अर्जांचा वेगळा. हे तक्ते एकमेकांना नात्यांनी जोडलेले असतात. अर्ज विद्यार्थिनीचा, विद्यार्थिनी पालकांची, पालक गावाचे. त्यामुळे टेस्टसाठी एक खोटा अर्ज हवा असेल तर आधी गाव बनवावं लागतं, मग वडील, मग आई, मग मुलगी आणि शेवटी अर्ज. प्रत्येक टेस्टमध्ये एवढं लिहीत बसायचा कंटाळा येतो. म्हणून एकदाच एक साचा लिहून ठेवतात. त्याला आम्ही फॅक्टरी म्हणतो. 'एक विद्यार्थिनी दे' एवढं म्हटलं की फॅक्टरी मागचं सगळं स्वतःच उभं करते.

मी विद्यार्थिनीची फॅक्टरी उघडली. त्यात लिहिलं होतं: वडील, नाव रमेश. आई, पती रमेश. प्रत्येक विद्यार्थिनीला मागता न मागता एक रमेश मिळत होता. दोनशे टेस्टमधल्या दोनशे मुली, सगळ्यांच्या घरी रमेश. वडील नसलेली मुलगी आमच्या टेस्टमध्ये जन्मालाच आली नव्हती.

ती फॅक्टरी कुणी लिहिली ते बघितलं. लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं.

मी हाताने एक मुलगी बनवली, वडिलांशिवाय. अर्ज जमा केला. लगेच कोसळला. पहिल्याच फटक्यात. कारण अर्ज जमा होताना कोड वडिलांना मेसेज पाठवायला त्यांचा नंबर मागत होता आणि तिथे वडीलच नव्हते. हे शोधायला मला दोन मिनिटं लागली. वर्षभरात ही दोन मिनिटं मी काढली नव्हती. राग कुणावर काढायचा हा प्रश्न नव्हता, पहिला नंबर माझाच होता.

दुसरा नंबर कुणाचा, ते थोड्या वेळाने कळलं.

केदार सरांना फोन लावला. केदार सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. पुण्यात बसतात. माझं नाव त्यांना लांब वाटतं, म्हणून ते मला मित्रा म्हणतात.

"सर, वडील नसलेल्या मुलीचा अर्ज जमाच होत नाहीये."

"हो, त्याचा वर्कअराउंड दिलाय ना हेल्पलाइनला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या आठवड्यात दोन-तीन कॉल्स आले. एज केस आहे मित्रा. फेज टू मध्ये घेऊ."

एज केस म्हणजे क्वचित, एखाद्या कोपऱ्यात घडणारी गोष्ट. फेज टू म्हणजे पुढे कधीतरी. मी त्यांना त्या प्रिंटबद्दल सांगितलं. भावाबद्दल सांगितलं. मेसेजबद्दल सांगितलं.

"अनफॉर्च्युनेट आहे," ते म्हणाले. "पण शनिवारी विंडो क्लोज होतेय. आत्ता कोडला हात लावायचा नाही. त्यांना म्हणावं वडिलांच्या जागी 'लागू नाही' टाका आणि मोबाइल वॉर्डनचा द्या."

"म्हणजे आता वॉर्डनबाई मुलीचे वडील?"

"तू इमोशनल होतेयस."

हे वाक्य मला पुण्यात पुष्कळदा ऐकायला मिळालं आहे. बहुतेक वेळा माझं बरोबर असताना.

फोन ठेवून मी जुन्या फाइल उघडल्या. प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या मीटिंगची टिपणं सापडली. पुष्पाबाईंच्या नावापुढे लिहिलं होतं: 'आमच्या निम्म्या पोरींना फक्त आई किंवा आजी आहे. फॉर्ममध्ये तशी सोय करा.' त्याच्या खाली, केदार सरांच्या हातची नोंद: 'एज केस. फेज टू.'

निम्म्या मुली! त्या बाईने पहिल्या दिवशी, स्वच्छ मराठीत, मागितलं होतं. आम्ही ते लिहूनही घेतलं होतं. मग माझ्याकडे जी कागदपत्रं आली त्यात हे वाक्य नव्हतंच. त्यात नुसतं 'पालक: वडील, आई' असं होतं आणि मी कुणालाही काही न विचारता रमेश लिहून मोकळी झाले होते. मी स्वतः याच जिल्ह्यातली. दुसरबीडला आमच्या गल्लीत बाप नसलेली घरं मोजायला एका हाताची बोटं पुरायची नाहीत. तरी लिहिताना मला ती आठवली नाहीत. त्याची लाज अजून जात नाही.

मी फॅक्टरी बदलली. नवा नियम असा की मुलगी मागितली तर फक्त मुलगी मिळेल. वडील हवे असतील तर टेस्टमध्ये वडील मागावे लागतील. आजी हवी तर आजी. मग सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या.

पडदा लाल झाला. साठच्या वर टेस्ट पडल्या. एकेक उघडून बघितली. अर्जाची प्रिंट वडिलांवर अवलंबून. मेसेज वडिलांवर. मुलीचं मधलं नाव आम्ही वडिलांच्या तक्त्यातून उचलत होतो, त्यामुळे वडील नसतील तर मुलीचं नावसुद्धा छापता येत नव्हतं. आईला तर स्वतःचा मोबाइल नंबर ठेवायला रकानाच नव्हता. आई ही फक्त वडिलांची पत्नी म्हणून डेटाबेसमध्ये येत होती.

अर्ध्या तासात केदार सरांचा फोन.

"मित्रा, बिल्ड लाल का दिसतोय? तू साठ टेस्ट मोडल्यास?"

"मी मोडल्या नाहीत सर. त्या खोटं सांगत होत्या, आता खरं सांगतायत."

"रिव्हर्ट कर, होतं तसं ठेव. दुपारी क्लायंटचा रिव्ह्यू आहे, त्यांना हिरवा डॅशबोर्ड दाखवायचाय."

"लाल दाखवा की."

"मित्रा!"

"माझ्या ब्रांचवर काम करते. तुमचा डॅशबोर्ड हिरवाच राहील. पण मी आज यावरच काम करणार." ब्रांच म्हणजे मूळ कोडला धक्का न लावता काम करायची वेगळी प्रत.

ते म्हणाले, "बरं, निदान खरी परिस्थिती बघायची असेल तर लाइव्ह डेटाबेस कॉपी करून घे लॅपटॉपवर. सगळ्या मुलींचा डेटा आहे त्यात. त्याच्यावर टेस्ट कर."

हा सल्ला ऐकून मात्र माझं डोकंच फिरलं. बाराशे मुलींची नावं, घरच्यांचे नंबर, कुणाचं घर कुठल्या गावात याच्या नोंदी, हे सगळं मी पिशवीत घालून फिरायचं? आणि टेस्ट चालवताना चुकून मेसेज सुटले तर? "नको," म्हटलं. "मी सोनाळ्याला जाते."

शुक्रवारी सकाळी खामगावहून शेगाव, तिथून वरवट बकाल, मग सोनाळा. जूनचं ऊन काही कमी झालं नव्हतं. वसतिगृहाच्या कार्यालयात पुष्पाबाई होत्या आणि बाकड्यावर रेखाताई. त्या आजही आल्या होत्या. शाळेला सुट्टी, त्यामुळे खिचडीचं काम नव्हतं.

मी समजूत घालायची तयारी करून गेले होते. त्याची गरज पडली नाही. त्यांनी मला नीट बघून घेतलं आणि विचारलं, "तुमीच केलं का हे?"

"हो ताई. त्यातलं माझं पण आहे."

"काऊन पन?"

हे 'का' मला पुण्यातल्या कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "घर म्हटल्यावर बाप असतोच, असं धरून चाललो."

"असतो ना," त्या म्हणाल्या. "अकोल्यात असतो." मग म्हणाल्या, "मले त्याचं नाव नाही पाह्यजे. भावाचं तं बिलकुल नाही. वहिनी माह्याशी बोलून नाही राह्यली. तो कागद पुसल्या जाईन का?"

"पुसते."

"मंग पोरीच्या नावात माहं नाव टाकता येते का? आरती रेखा असं?"

शाळेच्या दाखल्यात काय आहे ते पुष्पाबाईंनी पाहिलं. रेखाताईंनी आरती पहिलीत असतानाच भांडून मुख्याध्यापकांकडून तसं लिहून घेतलं होतं. दाखल्यावर आरती रेखाच होतं. मधलं नाव बापाचंच हवं, असं फक्त आमचं सॉफ्टवेअर म्हणत होतं.

मग आम्ही टेबलावर वही घेऊन बसलो. मी दोघींना सांगितलं, खरी नावं नकोत, खरी गावं नकोत. नुसती घरं कशी कशी असतात ते सांगा, मी खोटी माणसं त्यात बसवते. पुष्पाबाई सांगत गेल्या. फक्त आई. फक्त आजी, आणि आजीकडे मोबाइल नाही. वडील आहेत पण आई वारली. दोघी बहिणी एकाच वसतिगृहात, म्हणजे एका पालकाला दोन मुली. मी लिहीत होते आणि लिहिताना कळत होतं, यातलं प्रत्येक घर आमच्या कोडमध्ये कुठे ना कुठे अडकणार.

रेखाताई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "मायबी नाही आन बापबी नाही, मोठी बहीण पाहते, अशी टाकली का?"

"नाही टाकली."

"टाका मंग. आमच्या गावात आहे. बहीण एकोनीस वर्साची आहे, तिच लहानीले शिकवून राह्यली."

मी टाकली. ती टेस्ट चालवली आणि आणखी एक खड्डा सापडला: पालक मुलीपेक्षा किमान वीस वर्षांनी मोठा असलाच पाहिजे, असा एक नियम कुणीतरी लिहून ठेवला होता. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईने एका मिनिटात शोधलेला बग आमच्या टीमला वर्षभरात दिसला नव्हता. हे मी पुढे लेखी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.

दुपारपर्यंत वडिलांचा आणि आईचा वेगळा रकाना काढून टाकला. त्या जागी 'पालक' आणि 'मुलीशी नातं' एवढंच ठेवलं. मेसेज पालकाला. मधलं नाव घरचे लिहितील ते. 'आईचे पती' ही ओळ पूर्ण काढली. वसतिगृहात मुलगी राहणार, तिच्या आईच्या पतीचं तिथे काय काम? टेस्ट एकेक करून हिरव्या होत गेल्या. पण हा बदल लाइव्ह वेबसाइटवर चढवायची परवानगी केदार सरांकडे होती.

फोन लावला. ते म्हणाले, "सोमवारी बघू."

"सोमवारी अर्ज बंद झालेले असतील सर."

"मित्रा, चार-पाच एज केसेससाठी मी अख्खी सिस्टिम रिस्कवर टाकू शकत नाही."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. "सर, इथे रेखाताई बसल्या आहेत. त्यांच्याच मुलीचा अर्ज आहे. त्या एज केस आहेत असं तुम्हीच त्यांना सांगा. मला नीट सांगता येत नाहीये."

रेखाताई फोनकडे वाकल्या. "नमस्कार साहेब," म्हणाल्या. "माही पोरगी हुशार आहे. तिले कोपऱ्यात नका टाकू." एज केस शब्दाचा अर्थ त्यांना मीच सकाळी सांगितला होता.

"मी... मी नंतर बोलतो," केदार सर म्हणाले आणि फोन कट झाला.

पुष्पाबाईंनी चहा मागवला. आम्ही तिघी तो पिऊ लागलो. चहा संपायच्या आत लॅपटॉपवर परवानगी आली. सोबत एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं. मी बदल चढवला.

आरतीचा चुकीचा अर्ज मी रद्द केला, नवा पुष्पाबाईंनी भरला. आरती रेखा. पालक रेखा, नातं आई. मेसेज रेखाताईंच्या मोबाइलवर टिंग करून वाजला. त्यांनी तो दोनदा वाचला. त्यातलं 'अभिनंदन' मी आधीच काढून टाकलं होतं.

पण भावाच्या मोबाइलवर गेलेला मेसेज कुठल्याही कोडने परत येणार नव्हता. रेखाताईंनी एकच मागणं केलं. "वहिनीले दाखवाले काही कागद द्या, का चुकी कंपनीची होती." मी केदार सरांना ईमेल केला. लेटरहेडवर चूक कबूल केली तर कायदेशीर अडचण येऊ शकते, असं उत्तर आलं. माझा संताप कागदावर उतरवला असता तर दोन पानं भरली असती. मी एकाच पानावर साध्या मराठीत लिहिलं की ही नोंद सॉफ्टवेअरच्या दोषामुळे झाली, यात या बाईंचा किंवा त्यांच्या भावाचा काही संबंध नाही, आणि खाली माझं नाव, माझं काम लिहून सही केली. पुष्पाबाईंनी काही न विचारता वसतिगृहाचा शिक्का काढला आणि माझ्या सहीशेजारी दाबला.

आरतीला प्रवेश मिळाला. हे चांगलं झालं.

जे चांगलं झालं नाही ते मला शनिवारी सकाळी दिसलं. सर्व्हर स्वतःच्या चुकांची एक यादी ठेवतो, तिला लॉग म्हणतात. वडिलांच्या नावावर अर्ज कोसळला की त्यात एक ओळ पडते. अशा ओळी एकेचाळीस होत्या. त्यात एकच मुलगी दोनदा-तीनदा असेल, तरी बऱ्याच मुली होत्या. पण अर्ज जमा व्हायच्या आधीच कोसळत असल्यामुळे कुठेही नाव नव्हतं, गाव नव्हतं. फक्त तारीख आणि वेळ. पुष्पाबाईंनी आणि इतर वॉर्डननी दिवसभर गावोगावी फोन लावले, कोण येऊन परत गेलं ते आठवून आठवून. नऊ मुली सापडल्या आणि पाचच्या आत त्यांचे अर्ज भरले गेले. बाकीच्या कोण होत्या, त्यांचं काय झालं, मला आजही माहीत नाही. त्या आमच्या वेबसाइटवर आल्या आणि आम्ही त्यांना कुठल्याच तक्त्यात न लिहिता परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन झालं. केदार सरांनी एक स्लाइड दाखवली. त्यावर मोठ्या अक्षरात होतं, 'सर्व टेस्ट उत्तीर्ण'. मी हात वर केला आणि त्या एकेचाळीस ओळींबद्दल सांगितलं. केदार सरांनी पुढची स्लाइड लावली. त्या वर्षीच्या माझ्या कामाच्या मूल्यमापनात 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' अशी नोंद झाली.

आमच्या टीममध्ये आता एक नियम आहे, तो मी भांडून करून घेतला. फॅक्टरीने स्वतःहून कुठलंही नातं जोडायचं नाही. नातं हवं असेल तर टेस्ट लिहिणाऱ्याने ते स्पष्ट मागायचं, आणि नातं नसलेली एक तरी टेस्ट लिहायची. नव्याने आलेले लोक कुरकुर करतात, फार टायपिंग होतं म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगते की हिरव्या खुणेवर फार भरवसा ठेवू नका. तुम्ही जे विचारलंत तेवढ्याचंच उत्तर 'हो' आलेलं असतं. जे विचारलंच नाही, त्याबद्दल ती खूण काही सांगत नाही, आणि ते कळायला कुणाला तरी वसतिगृहाच्या बाकड्यावर दोन दिवस बसून राहावं लागतं.